बबलू खोब्रागडे यांचा राजीनामा

उज्ज्वल खोब्रागडेनं आयुष्यात पहिल्यांदा एक फॉर्म मुदतीच्या आत भरला आणि त्याच फॉर्मनं त्याला कंपनीच्या दाराबाहेर काढलं. आत घेतलं ते बबलूला. बबलू म्हणजे उज्ज्वलच. पण हे त्याच्या आईवडिलांना जितकं स्वच्छ ठाऊक होतं तितकं कंपनीच्या कॉम्प्युटरला नव्हतं, आणि २००८ साली जर्मनीत आईवडिलांपेक्षा कॉम्प्युटरचा शब्द जरा वरचढच होता.

एर्लांगेनमधली ही कंपनी तशी लहान. एक्स-रे मशीन तापू नये म्हणून त्यात जो पंप असतो, तो ती बनवायची. तिथं परदेशी माणसं एकूण अकरा. त्यांना इथं काम करायचा हक्क आहे की नाही हे तपासायचं काम कर्मचारी विभागातल्या फ्राउ विंकेलमान यांचं. त्या पासपोर्टातल्या व्हिसाच्या स्टिकरची झेरॉक्स काढायच्या, ती हिरव्या फाइलला लावायच्या आणि फाइल कपाटात ठेवायच्या. बारा वर्षांत या पद्धतीनं कुणाचंही काही बिघडलं नव्हतं, म्हणून ती बदलायचं ठरलं.

नवीन पद्धत ऑनलाइन होती. कंपनीनं हॅनोव्हरहून एक पोर्टल विकत आणलं. प्रत्येक परदेशी माणसानं त्यात आपली माहिती भरायची, मग त्याच्या नावापुढे दिवा लागणार. हिरवा म्हणजे या, काम करा. लाल म्हणजे बाहेर थांबा. दाराचं कुलूपही त्याच दिव्याला जोडलेलं. जर्मन माणूस रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही लाल दिव्याला उभा राहतो. तिथं दिवा थेट माणसालाच बसवल्यावर काय होणार, याचा अंदाज खरं तर यायला हवा होता.

उज्ज्वलला हिरव्या दिव्याची गरज इतर दहांपेक्षा जास्त होती. त्याच्या पासपोर्टातला स्टिकर ऑक्टोबरच्या शेवटच्या तारखेला संपत होता. तेवीस तारखेला आउसलेंडरबेह्योर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, त्याची वेळ ठरलेली होती. तिथं कंपनीचा नोकरीचा दाखला लागणार होता आणि तो दाखला आता फक्त पोर्टल छापणार होतं, तोही फक्त हिरव्या दिव्याच्या माणसाला. दाखला नाही तर स्टिकर नाही. स्टिकर नाही तर उज्ज्वल, बायको रोहिणी आणि पहिलीत जाणारी मैत्री, तिघांनी सामान बांधून नागपूरला जायचं.

"तर या ना वापस," उज्ज्वलचे वडील राजानंद म्हणाले होते. "वरचा मजला रिकामाच आहे." राजानंद आणि आई कमलाबाई तीन महिन्यांसाठी आले होते. राजानंद पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांना जर्मनीत आवडण्यासारखं अजून काही सापडलं नव्हतं. रस्ते गुळगुळीत होते, पण बोलायला कोणी नव्हतं.

रविवारी दुपारी उज्ज्वल फॉर्म भरायला बसला. बसला म्हणजे बसवला गेला, कारण खालच्या मजल्यावरचे शरदचंद्र चहाला आले होते. शरदचंद्र पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले, जर्मनीत आठ वर्षं काढलेले. या आठ वर्षांत त्यांनी कुणाला सल्ला दिला नाही असा एकही रविवार गेला नव्हता. त्यांची बायको मीनल त्यांना वर पाठवून खाली शांतपणे वर्तमानपत्र वाचायची, असं रोहिणीचं मत होतं.

"पासपोर्टात आहे तसं भर," शरदचंद्र म्हणाले. "एक अक्षर इकडचं तिकडे नको. जर्मन माणसाला अंदाज हा प्रकारच माहीत नाही."

पासपोर्टात आडनाव होतं खोब्रागडे आणि नावाच्या रकान्यात होतं 'उज्ज्वल राजानंद'. आपल्याकडे मुलाच्या नावाला वडिलांचं नाव आपोआप येऊन चिकटतं, ते कोणी मुद्दाम लावत नाही. उज्ज्वलनं दोन्ही नावं भरली. पुढचा रकाना आला: रुफनामे.

"हे काय असतं?"

"रुफ म्हणजे हाक," शरदचंद्र म्हणाले. "रुफनामे म्हणजे हाक मारायचं नाव. तुला हाक काय मारतात?"

"बबलू," कोचावरून राजानंद म्हणाले.

"बबलू," आतून कमलाबाई म्हणाल्या, कारण त्यांना वाटलं त्यालाच बोलावताहेत.

"अहो, पण हे ऑफिसचं आहे," उज्ज्वल म्हणाला. "तिथं मला बबलू कोण म्हणतं?"

"हे बघ," शरदचंद्रांनी कप खाली ठेवला. ते कप खाली ठेवत तेव्हा विषय गंभीर असे. "तुला विचारलंय काय? हाक मारायचं नाव. तुला हाक मारतात काय? बबलू. आता तू तिथं उज्ज्वल लिहिलंस आणि उद्या चौकशी झाली, तर सरकारी कामात खोटी माहिती दिली असं होईल. गेनाऊ, अगदी असंच होईल."

वास्तविक जर्मनांचा रुफनामे साधा असतो. त्यांना आईबाप तीन-तीन नावं ठेवतात आणि त्यातलं वापरातलं कोणतं, ते या रकान्यात लिहायचं. घरात लाडानं काय म्हणतात याच्याशी त्याचा सुतराम संबंध नाही. हे शरदचंद्रांना आठ वर्षांत कळलं नव्हतं, कारण त्यांना घरी-दारी सगळीकडे शरदचंद्रच म्हणायचे. तसं म्हणावं असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

उज्ज्वलनं 'बबलू' लिहिलं.

मग पोर्टलनं एक प्रश्न विचारला. प्रश्नाचा पहिला शब्द होता 'वाइटरे'. 'वाइटर' म्हणजे पुढे, हे उज्ज्वलला पक्कं ठाऊक होतं. बसमध्ये, बँकेत, सगळीकडे पुढे जायचं ते याच शब्दानं. त्याखाली दोन बटणं: एक 'नाइन', एक 'जा'. जर्मनमध्ये 'जा' असं लिहितात, 'या' असं वाचतात आणि अर्थ होतो हो; 'नाइन' म्हणजे नाही. हेही त्याला ठाऊक होतं. पण रविवार दुपार, पोटात वरण-भात, मागे शरदचंद्र. अशा वेळी माणसाचं बोट मातृभाषेत चालतं. पुढे जायचं होतं, समोर 'जा' लिहिलेलं होतं. त्यानं दाबलं. तोच प्रश्न पुन्हा आला. त्यानं पुन्हा जा म्हटलं. शेवटी स्टिकरचा नंबर मागितला, तो त्यानं दोनदा तपासून भरला.

प्रश्न होता: 'वाइटरे पेर्झोन?' म्हणजे, आणखी एक माणूस?

सोमवारी सकाळी उज्ज्वलनं दाराला कार्ड लावलं, तर दारानं लाल डोळा वटारला. रखवालदारानं फोन केला. फ्राउ विंकेलमान स्वतः खाली आल्या. जर्मनीत कोणी स्वतः खाली येणं हे चांगलं लक्षण नव्हे.

"हेर खोब्रागडे," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे आता तुम्ही तीन आहात."

त्यांनी पडद्यावरची यादी छापून आणली होती. खोब्रागडे उज्ज्वल: लाल. खोब्रागडे राजानंद: लाल. खोब्रागडे बबलू: हिरवा. दोनदा 'जा' दाबल्यानं तीन नावांची तीन माणसं झाली होती, आणि शेवटी भरलेला नंबर पोर्टलनं शेवटच्या माणसाला देऊन टाकला होता.

"अहो, बबलू मीच आहे."

"तुमच्या पासपोर्टात बबलू आहे का?"

"नाही."

"मग तुम्ही नाही."

"पण बबलूच्या नावापुढे जो नंबर आहे, तो स्टिकर माझ्या पासपोर्टात आहे! हा बघा."

फ्राउ विंकेलमान यांनी बघितलं. पुन्हा यादी बघितली. मग अत्यंत सौम्यपणे विचारलं, "त्यांचा स्टिकर तुमच्याकडे कसा?"

उज्ज्वल बत्तीस वर्षांचा होता. मुंबईच्या नामांकित कॉलेजातून एमटेक झालेला, एका पंपाच्या पेटंटवर तिसरं नाव असलेला. आजवर त्याला नाकारलं गेलं नव्हतं असं नाही. पण बबलूसाठी नाकारलं गेलं, हे त्याच्या जिव्हारी लागलं.

हॅनोव्हरला फोन लावला. तिकडचा माणूस भला होता. तो म्हणाला, प्रणालीत नवीन माणूस घालता येतो; दोन माणसं जोडून एक करता येत नाहीत, ते माणसाच्या खासगीपणाच्या विरुद्ध आहे. पुसून टाकता येईल का? माणूस? फोनवरचा आवाज दचकला. जर्मनीत माणूस पुसणं या विषयावर कोणीही हलक्यानं बोलत नाही.

"मग आता काम कोण करणार?" उज्ज्वलनं विचारलं.

"हेर बबलू," फ्राउ विंकेलमान म्हणाल्या. "त्यांचा दिवा हिरवा आहे."

उज्ज्वलचे वरिष्ठ हेर बाखमायर यांना मात्र हे सगळं कळलं तेव्हा खरा आनंद झाला. ते दोन वर्षं आणखी एक माणूस मागत होते. त्यांनी बबलूसाठी खुर्ची मागवली. गोदामातून पुढे पोलादी टोक असलेले सुरक्षा-बूट आले, बेचाळीस नंबरचे. उज्ज्वलला तीन वर्षं एकेचाळीस नंबरचे चावत होते आणि बेचाळीसचे शिल्लक नाहीत असं उत्तर मिळत होतं. कॅन्टीननं बबलूला कार्ड दिलं. कामगारांच्या मंडळानं स्वागताचं पत्र पाठवलं, त्यात 'आपल्या अडचणी निःसंकोच सांगा' असं होतं.

पण शुक्रवारी एक पंप गिऱ्हाइकाकडे जायचा होता, आणि पंपातलं कळणारा माणूस दाराबाहेर उभा होता. बाखमायरसाहेबांनी तोड काढली. उज्ज्वलला कामाचा हक्क नसेल, पण पाहुणा म्हणून यायला कोणाची ना आहे? मंगळवारी रखवालदारानं वही उघडली.

"कोणाला भेटायचंय?"

"हेर बबलू खोब्रागडेंना."

"ते आलेत का?"

"मी आत गेलो की येतील."

रखवालदारानं हे जसंच्या तसं वहीत लिहिलं आणि उज्ज्वलच्या खिशावर 'पाहुणा' असा बिल्ला लावला. सहा दिवस उज्ज्वल रोज बबलूला भेटायला गेला. बबलूच्या खुर्चीत बसून बबलूला आलेल्या ईमेलना उत्तरं दिली. बबलूचे बूट घातले, छान बसले. पाहुण्यानं यंत्राला हात लावायचा नाही असा नियम होता, म्हणून तो हात लावताना बाखमायरसाहेब खिडकीबाहेर बघायचे.

घरी यावर मतं दोन होती. रोहिणी म्हणाली, "उज्ज्वल, तेवीस तारखेला आपण काय नेणार आहोत? बबलूचा दाखला? त्या कचेरीतले लोक पासपोर्ट बघणार, त्यात बबलू नाही, आणि आपल्याला विमानाच्या तारखा विचारणार." शरदचंद्र म्हणाले, "पासपोर्टच बदलून घे. बबलू घाल त्यात. नागपूरच्या कोर्टात प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात जाहिरात, सहा महिन्यांत काम."

"आपल्याकडे पंधरा दिवस आहेत," रोहिणी म्हणाली. "आणि चहा संपलाय."

तेवढ्यात घरी पत्र आलं. हेर राजानंद खोब्रागडे यांना. आपला दिवा लाल असून आपण कंपनीत विनापरवाना काम करत असल्याचं दिसतं, तरी खुलाशासाठी मंगळवारी दहा वाजता हजर राहावं. पत्र मैत्रीनं वाचून दाखवलं, कारण घरात सर्वांत चांगलं जर्मन तिचं होतं. वाचून झाल्यावर ती आजोबांकडे नव्या आदरानं बघत म्हणाली, "ओपा, बिस्ट डू इलेगाल?"

"काय म्हणते पोरगी?"

"बाबा, ती विचारतेय तुम्ही बेकायदेशीर आहात का," रोहिणी म्हणाली.

राजानंदांनी पत्र हातात घेतलं. जावक क्रमांक पाहिला. तारीख पाहिली. सही पाहिली. गेल्या सात वर्षांत त्यांना कोणत्याही कचेरीनं खुलाशासाठी बोलावलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज चढलं, की कमलाबाईंनी घाबरून विचारलं, "अहो, बीपीची गोळी घेतली ना?"

"कमल, माह्या पांढऱ्या शर्टाले इस्त्री कर," राजानंद म्हणाले. "कारणे दाखवा नोटीस आहे."

"बाबा, तुम्ही तिथं काही बोलू नका," उज्ज्वल म्हणाला. "मी सांभाळतो."

"तू काहून सांभाळतो बे? तू तर तिथं पाहुणा आहेस. नोटीस मले आली."

मंगळवारी दहाला पाच कमी असताना राजानंद फ्राउ विंकेलमान यांच्यासमोर बसले. शेजारी उज्ज्वल, पाहुण्याच्या बिल्ल्यासह. राजानंदांचं इंग्रजी सरकारी होतं, म्हणजे प्रत्येक वाक्य 'विथ रेफरन्स टू' नं सुरू व्हायचं. फ्राउ विंकेलमान यांचं इंग्रजी शाळेतलं. दोघांनाही घाई नव्हती. राजानंदांनी आधी टेबलावरचं स्टॅम्पचं स्टँड पाहिलं, त्यावर अकरा शिक्के होते. मग मागचं हिरव्या फाइलींचं कपाट पाहिलं. फाइली वर्षवार, पाठीवर नावं, एकही वाकडी नाही.

"ह्या तुम्ही स्वतः लावता?" त्यांनी विचारलं.

"बारा वर्षं," फ्राउ विंकेलमान म्हणाल्या. "आता पोर्टल आलं. कपाट जानेवारीत नेणार आहेत."

राजानंदांनी कपाटाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, "आमच्या खात्यातही नेलं." फ्राउ विंकेलमान यांनी कॉफी मागवली. उज्ज्वल तिथं तीन वर्षं होता, त्याला पाणीसुद्धा विचारलेलं नव्हतं.

कॉफीनंतर कामाला सुरुवात झाली. राजानंदांनी नियम मागितले. पोर्टलची माहितीपुस्तिका एकशे चाळीस पानांची होती, जर्मनमध्ये. उज्ज्वलनं भाषांतर करायचं आणि राजानंदांनी मान हलवायची. बासष्टाव्या पानावर त्यांनी हात वर केला.

"थांब. हे काय आहे? माणूस कमी कसा होतो?"

"निवृत्तीनं किंवा राजीनाम्यानं," उज्ज्वल म्हणाला. "नाहीतर मेल्यावर."

"मंग झालं तर! तुमी पुसून काहून राहिले? चौतीस वर्षं नोकरी केली, कोणाचं नाव पुसलेलं पाहिलं नाही. पण सेवानिवृत्त तर सगळेच होतात." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मॅडम, विथ रेफरन्स टू माय गुड सेल्फ, आय ॲम सिक्स्टी-फाइव्ह."

फ्राउ विंकेलमान यांनी जन्मतारीख भरली. पडद्यावर राजानंदांच्या नावापुढचा लाल दिवा विझला आणि तिथं एक वाक्य आलं: कंपनी आपल्या दीर्घ सेवेबद्दल आभारी आहे. राजानंदांनी ते दोनदा वाचून घेतलं. पाटबंधारे खात्यातून ते निवृत्त झाले त्या आठवड्यात निवडणुकीची आचारसंहिता होती, त्यामुळे निरोप समारंभ झाला नव्हता. साहेबांनी जिन्यात हात हलवला होता, तेवढंच.

"आता बबलू," ते पुस्तिकेचं पान उलटून म्हणाले.

बबलूचं अवघड होतं. निवृत्त व्हायचं त्याचं वय नव्हतं. कंपनीनं काढायचं तर तीन महिन्यांची नोटीस, शिवाय कामगार मंडळाची परवानगी, आणि मंडळाला बबलू फार आवडला होता. तो आल्यापासून त्याची एकही तक्रार नव्हती. राहिला राजीनामा. दोन्ही बाजूंच्या संमतीनं, आजच्या तारखेनं. तो सुटला की स्टिकरचा नंबर मोकळा होणार, आणि उज्ज्वलच्या नावावर चढवता येणार.

"पण राजीनाम्यावर कर्मचाऱ्यानं माझ्यासमोर सही करायला हवी," फ्राउ विंकेलमान म्हणाल्या. "आल्झो, म्हणजे हेर बबलू इथं हवेत. आणि तेच बबलू आहेत, याचा पुरावा हवा."

"पासपोर्टात नाही," उज्ज्वल म्हणाला. "कशातच नाही. बबलूचा जगात एकही कागद नाही." तेवीस तारखेला नऊ दिवस उरले होते आणि तो एका न जन्मलेल्या माणसाची ओळख पटवत बसला होता. तो उठून खिडकीपाशी गेला. खाली सायकली ओळीनं लावलेल्या होत्या. मैत्रीला या गावात सायकल येऊ लागली होती, आता फक्त वळताना पडायची.

राजानंद पुस्तिकेत नाक खुपसून बसले होते. "मॅडम, रुफनामे मीन्स व्हॉट, एक्झॅक्टली?"

"ज्या नावानं माणसाला हाक मारतात ते."

"हाक मारल्यावर तो येतो ते?"

फ्राउ विंकेलमान यांनी विचार केला. "तसं म्हणता येईल."

राजानंद वळले नाहीत. पुस्तिकेवरची नजरही त्यांनी काढली नाही. नागपुरात संध्याकाळी दिवेलागणीला गल्लीच्या टोकापर्यंत जायचा त्या आवाजात ते एकदम ओरडले:

"बबलूऽऽ!"

"ओऽऽ!" उज्ज्वल खिडकीतून म्हणाला, आणि दोन पावलं चालत येऊन उभासुद्धा राहिला.

बाहेरच्या खोलीतल्या दोघी टंकलेखन थांबवून दारात आल्या. फ्राउ विंकेलमान यांनी उज्ज्वलकडे पाहिलं, राजानंदांकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण काढून फॉर्मवर लिहिलं, 'कर्मचारी हाकेवरून प्रत्यक्ष हजर. ओळख पटली.' त्याखाली तारीख घातली, आणि अकरा शिक्क्यांपैकी कोणता मारावा हे ठरेना, तेव्हा राजानंदांनी बोट दाखवलं त्यातला सर्वांत मोठा मारला.

बबलूनं सही केली. मराठीत केली, कारण बबलू इंग्रजीत सही कसा करतो हे उज्ज्वललाही माहीत नव्हतं. फ्राउ विंकेलमान यांनी नंबर पुन्हा भरला. या वेळी पोर्टलनं 'वाइटरे पेर्झोन?' विचारलं, तेव्हा उज्ज्वल आणि राजानंद दोघंही एकदम ओरडले, "नाइन!" उज्ज्वलच्या नावापुढे हिरवा दिवा लागला.

तेवीस तारखेला आउसलेंडरबेह्योर्डेत चार मिनिटं लागली. तिथल्या बाईंनी दाखला पाहिला, फोटो पाहिला, नवा स्टिकर चिकटवला आणि तळहातानं दाबला. रोहिणीनं बाहेर येऊन पहिल्यांदा मोठा श्वास घेतला आणि मैत्रीच्या शाळेच्या सहलीचा फॉर्म भरायचा राहिलाय, असं म्हणाली. उज्ज्वल म्हणाला, तो तू भर.

पुढच्या आठवड्यात कंपनीकडून एक जाड लिफाफा आला. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला कंपनीनं प्रशस्तिपत्रक द्यावंच लागतं. त्याची भाषा ठरलेली असते. 'आमच्या समाधानास' म्हणजे जेमतेम. 'आमच्या पूर्ण समाधानास' म्हणजे बरा. आणि त्याच्याही वर एक पायरी आहे, ती क्वचित कोणाला मिळते. बबलूला ती मिळाली होती. हेर खोब्रागडे, बबलू, यांनी सोपवलेलं प्रत्येक काम आमच्या संपूर्ण आणि सदैव समाधानास उतरवलं. सहकाऱ्यांशी वागणूक आदर्श. त्यांच्या जाण्यानं झालेलं नुकसान भरून येणं कठीण.

राजानंदांनी लगेच त्याच्या पाच सत्यप्रती काढून आणायला सांगितल्या.

उज्ज्वलनं मागल्या वर्षीचा स्वतःचा कामाचा अहवाल काढून शेजारी ठेवला. त्यात 'पूर्ण समाधानास' होतं. दुसऱ्या दिवशी तो बाखमायरसाहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारलं, "सर, बबलूनं असं काय केलं, जे मी केलं नाही?"

बाखमायरसाहेबांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. जर्मन माणूस विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देतो.

"तो मीटिंगमध्ये बोलत नसे," ते म्हणाले.

त्या दुपारच्या मीटिंगमध्ये उज्ज्वलनं पूर्ण एक तास गप्प बसायचं ठरवलं. पंपाच्या झडपेवर बाखमायरसाहेब साफ चुकीचं बोलत होते. उज्ज्वलनं टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. पंचावन्नाव्या मिनिटाला त्याच्या तोंडून "पण सर..." निघालंच, आणि मग झडपेवर तो वीस मिनिटं बोलला.